स्वरयंत्राचे डावे-उजवे स्नायू आणि त्यांतली जनुक-अभिव्यक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वरयंत्राच्या दोन बाजूंच्या स्नायूंत कोणती जनुकं किती प्रमाणात चालू आहेत हे मोजू पाहणाऱ्या पशुवैद्यक, कान-नाक-घसा आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणं मुख्यतः घोडा आणि प्रयोगशाळेतला रॅट यांची आहेत, कारण या विषयातलं बरंचसं ज्ञान या दोन प्राण्यांकडून आलं आहे.

दोन्ही बाजूंना तेच स्नायू, काम तेच. मग फरक असेल असं वाटावंच का?

कारण या स्नायूंना चालवणाऱ्या नसा सारख्या नाहीत. स्वरयंत्राचे जवळजवळ सगळे आतले स्नायू रिकरंट लॅरिंजिअल नसेवर चालतात. ही नस मेंदूकडून निघून थेट स्वरयंत्रात शिरत नाही. व्हेगस नसेबरोबर ती स्वरयंत्र ओलांडून खाली जाते आणि मग वळून पुन्हा वर येते. उजवी नस सबक्लेव्हियन धमनीला वळसा घालते. डावी पार छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून फिरते. माणसात वळणापासून स्वरयंत्रापर्यंतचं अंतर उजवीकडे सुमारे ६ सेंटीमीटर, तर डावीकडे सुमारे १२ सेंटीमीटर भरतं. उंच घोड्यात डाव्या नसेची एकूण लांबी अडीच मीटरच्या घरात जाते आणि उजवी तिच्यापेक्षा साधारण ३० सेंटीमीटरनं कमी असते.

हा वळसा भ्रूणावस्थेत ठरतो. सुरुवातीला दोन्ही नसा सहाव्या महाधमनी-कमानीखालून (भ्रूणातल्या धमन्यांच्या जोड्यांपैकी एकीखालून) जातात. उजवीकडे त्या कमानीचा बाहेरचा भाग विरून जातो, म्हणून नस वर सरकून चौथ्या कमानीला, म्हणजे पुढच्या सबक्लेव्हियन धमनीला अडकते. डावीकडे तोच भाग डक्टस आर्टेरिओसस या गर्भातल्या रक्तवाहिनीच्या रूपानं जन्मापर्यंत टिकतो आणि नसेला खालीच अडकवून ठेवतो. साधारण ०.५ ते १ टक्का माणसांत उजवी सबक्लेव्हियन धमनी वेगळ्या जागेवरून निघते. तेव्हा उजवी नस वळसा न घालता सरळ स्वरयंत्रात जाते. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणाऱ्याला हे ठाऊक असावंच लागतं.

लांबीचा अर्थ नीट कळण्यासाठी एक हिशेब करून पाहा. मज्जापेशीतून, म्हणजे नसेच्या पेशीतून, मालाची जलद वाहतूक दिवसाला जास्तीत जास्त ४०० मिलिमीटरच्या आसपास होते, म्हणजे अडीच मीटरला सहा-सात दिवस. पेशीच्या सांगाड्याची प्रथिनं मात्र दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीनं सरकतात, आणि त्या गतीनं तेच अंतर कापायला जवळपास सात वर्षं लागतात. एवढ्या लांबच्या टोकाची देखभाल अवघड असते आणि तिथं बिघाड झाला की त्याचा पहिला हिशेब स्नायूच्या जनुकांत उमटतो.

म्हणजे डाव्या आणि उजव्या स्नायूतला डीएनए वेगळा असतो का?

नाही. डीएनए तोच असतो. फरक असतो तो कोणत्या जनुकाच्या किती आरएनए-प्रती त्या घटकेला तयार आहेत याचा.

कोणते स्नायू तपासायचे?

पाच नावं लक्षात ठेवा. पोस्टिरिअर क्रायकोअ‍ॅरिटेनॉइड, थोडक्यात पीसीए, हा स्वररज्जू उघडणारा एकमेव स्नायू; घोड्यात त्यालाच क्रायकोअ‍ॅरिटेनॉइडियस डॉर्सालिस म्हणतात. लॅटरल क्रायकोअ‍ॅरिटेनॉइड (एलसीए), थायरोअ‍ॅरिटेनॉइड (टीए) आणि इंटरअ‍ॅरिटेनॉइड हे स्वररज्जू मिटवतात. पाचवा क्रायकोथायरॉइड स्वररज्जू ताणतो, पण त्याची नस वेगळी, सुपिरिअर लॅरिंजिअलची बाहेरची शाखा.

हा पाचवा स्नायू अभ्यासात जरूर घ्यावा. त्याची नस छातीत उतरत नाही. एखादा डावा-उजवा फरक पीसीएमध्ये आहे पण त्याच प्राण्याच्या क्रायकोथायरॉइडमध्ये नाही, तर बोट रिकरंट नसेकडे जातं. दोन्हींत सारखाच असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते नमुना काढण्याच्या पद्धतीत सापडतं. इंटरअ‍ॅरिटेनॉइड मधोमध असतो, त्यामुळे बाजूच्या तुलनेसाठी तो निरुपयोगी.

घोड्याचंच उदाहरण सगळीकडे का दिसतं?

घोड्यात हा फरक आजाराच्या रूपानं उघड दिसतो. रिकरंट लॅरिंजिअल न्यूरोपथी या विकारात डाव्या नसेचे लांब तंतू टोकाकडून झिजत जातात, डावा पीसीए वाळतो, आणि दौडताना डावी बाजू पुरेशी उघडत नाही. आत येणारी हवा अडून घोंगावल्यासारखा आवाज होतो. रेसकोर्सवर त्याला रोअरिंग म्हणतात. उंच घोड्यांत, विशेषतः थरोब्रेड आणि ओझी ओढणाऱ्या जातींत, तो जास्त आढळतो आणि छोट्या तट्टांत क्वचितच. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या शर्यतींत धावणारे घोडे थरोब्रेडच, त्यामुळे आपल्याकडच्या पशुवैद्यकांना दुर्बिणीतून घोड्याचं स्वरयंत्र पाहण्याचं कारण वारंवार येतं.

या आजारातल्या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होतं. पहिली, तो फक्त डाव्या बाजूचा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली उजव्या नसेतही झीज दिसते, फक्त ती कमी असते आणि बाहेरून जाणवत नाही. दुसरी, एकाच डाव्या नसेवर चालणाऱ्या स्नायूंपैकी मिटवणारे, त्यातही एलसीए, उघडणाऱ्या पीसीएच्या आधी बिघडतात, जरी त्यांच्या नसेची लांबी जवळपास सारखीच आहे. म्हणून ‘डावी नस लांब, म्हणून डावा स्नायू आजारी’ हे उत्तर अपुरं आहे. अडीच मीटरमध्ये ३० सेंटीमीटरचा फरक एवढा मोठा परिणाम एकट्यानं घडवत नाही. जनुक-अभिव्यक्ती मोजण्याचं खरं प्रयोजन इथंच आहे.

नस बिघडली की स्नायूत कोणती जनुकं बदलतात?

क्रम माहीत असला की बदललेल्या जनुकांची यादी वाचणं सोपं जातं.

पहिल्या एक-दोन दिवसांत मायोजेनिन वाढतं. अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरचे (नसेचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनाचे) अल्फा आणि गॅमा हे घटक वर जातात. गॅमा हा गर्भातला घटक असतो. प्रौढ, नस शाबूत असलेल्या स्नायूत तो जवळपास शून्य असतो. त्यामुळे नस तुटल्याची इतकी स्पष्ट खूण दुसरी नाही. याच गटात रनएक्स-१, एनकॅम-१ आणि गॅड४५-अल्फा येतात.

प्रथिनं मोडणारी मर्फ-१ आणि अ‍ॅट्रोजिन-१ ही जनुकं रॅटमध्ये साधारण तिसऱ्या दिवशी शिखरावर असतात आणि पुढे उतरतात. इथं हमखास घोळ होतो. जुनाट आजाराच्या घोड्यात ही दोन वाढलेली नाहीत म्हणून ‘स्नायू वाळत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. वाळण्याचा जोर तोवर ओसरलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

मायोसिन या आकुंचनाच्या प्रथिनाची अदलाबदल मागाहून दिसते. एमवायएच-३ आणि एमवायएच-८ हे भ्रूण व नवजात प्रकार डोकं वर काढतात. एमवायएच-७ (मंद), एमवायएच-२ आणि एमवायएच-१ (जलद) यांचं परस्पर प्रमाण बदलतं. नस तुटून पुन्हा जुळली असेल तर शेजारचे तंतू एकाच नसेच्या ताब्यात जाऊन एकाच प्रकारचे होतात, पण ही गटबाजी आरएनएच्या सरासरीत दिसत नाही. त्यासाठी काप रंगवूनच पाहावा लागतो. रॅटमध्ये एमवायएच-१३ सुद्धा मोजा. डोळ्यांच्या आणि स्वरयंत्राच्या अतिजलद तंतूंचं ते जनुक आहे.

जुनाट अवस्थेत कोलॅजेन १ आणि ३, मग चरबीची पेरिलिपिन-१ आणि अ‍ॅडिपोनेक्टिन वाढतात.

निरोगी प्राण्यात फरक सापडला तर तो जन्मजात ‘बाजूपणा’ मानायचा का?

एवढ्यावरून नाही. भ्रूणात डावी बाजू ठरवणारी जनुकांची साखळी नोडल, लेफ्टी आणि पिटएक्स-२ अशी जाते, म्हणून यादीत पिटएक्स-२ दिसलं की उत्साह वाढतो. पण पिटएक्स-२ चे अनेक प्रकार आहेत. डाव्या बाजूशी बांधलेला आहे तो ‘सी’ प्रकार. ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही बाजूंना सारखे असतात. साध्या प्रायमरनं (जनुक ओळखणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यानं) तिन्ही एकत्र मोजले जातात, त्यामुळे प्रकारानुसार वेगळे प्रायमर लागतात. शिवाय पिटएक्स-२ स्नायूंच्या घडणीतही काम करतं, म्हणजे स्नायूत ते असणं हे बाजूचं लक्षण ठरत नाही.

बाजूपणा म्हणण्यासाठी किमान तीन गोष्टी जुळायला हव्यात: फरक लहान वयातही आहे, नस तुटल्याची वरची जनुकं दोन्ही बाजूंना शांत आहेत, आणि दुसऱ्या एखाद्या गटातही फरकाची दिशा तीच येते. स्नायूतला बहुतेक फरक नसेच्या अवस्थेचा पडसाद असतो. आधी तो वजा करा, मग उरलेल्याकडे पाहा.

किती प्राणी लागतात?

प्रत्येक प्राण्याचे दोन्ही स्नायू घेतले तर प्राणी स्वतःच स्वतःचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा आधार, होतो आणि संख्या बरीच कमी लागते. किती फरक पडतो ते काल्पनिक आकड्यांवर पाहू. एका जनुकाची लॉग-२ पातळी (एक अंक वाढला की प्रती दुप्पट) चार घोड्यांत अशी आहे: डावीकडे ६.२, ८.१, ४.९, ७.०, उजवीकडे ५.७, ७.५, ४.५, ६.५. जोडीजोडीनं वजाबाकी केली तर ०.५, ०.६, ०.४, ०.५, सरासरी ०.५, म्हणजे डावीकडे सुमारे १.४ पट. जोडी धरून टी-मूल्य (आकड्यांतल्या चढउताराच्या मानानं फरक किती मोठा ते) १२ च्या आसपास येतं. तेच आठ आकडे दोन स्वतंत्र गट समजून तपासले तर टी-मूल्य ०.५४, म्हणजे काहीच हाती नाही. घोड्याघोड्यांतला फरक बाजूच्या फरकाला गिळून टाकतो.

तरीही चार पुरेसे नाहीत. चार घोड्यांत एकाची बाजू उलटली तरी सगळं कोसळतं. निरोगी प्राण्यांतले लहान फरक शोधायचे असतील तर आठ ते बारा जोड्यांचं नियोजन करावं. अनेक प्राण्यांचे डावे स्नायू एकत्र मिसळून एकच नमुना करू नये. आरएनए भरपूर मिळतो, पण जोडीही जाते आणि प्राण्याप्राण्यांतला फरकही मोजता येत नाही.

रॅटचा स्नायू काढताना नेमकं काय करायचं?

मृत्यूनंतर गळ्याच्या मध्यरेषेवर काप घेऊन जिभेखालच्या हायॉइड हाडाच्या वरून आणि पाचव्या-सहाव्या श्वासनलिका-कड्याखालून छेद द्या. स्वरयंत्र, श्वासनलिका आणि अन्ननलिका एकत्रच बाहेर काढा. बाहेर काढण्यापूर्वी डाव्या बाजूला, स्नायूपासून दूर, थायरॉइड कूर्चेच्या कडेवर रेशमी टाका घाला. हा टाका वगळू नका. स्वरयंत्र हातात सुटं आलं की त्याचं पुढचं-मागचं कळतं, पण डावं-उजवं सहज उलटतं. प्राणी उताणा, डोकं तुमच्यापासून दूर असताना त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला असते. पीसीए पाहण्यासाठी तेच स्वरयंत्र पालथं टोचलं की ती तुमच्या डाव्या हाताला येते.

ही चूक नंतर पकडता येत नाही. दोन वेगळ्या प्राण्यांचे नमुने अदलाबदल झाले तर जनुकीय खुणांवरून उघडकीला येतं. एकाच प्राण्याची डावी-उजवी नळी बदलली तर दोन्हींचा डीएनए तोच असल्यामुळे कोणतंही सॉफ्टवेअर तुम्हाला सावध करणार नाही.

बर्फावर ठेवलेल्या मेणाच्या थाळीत स्वरयंत्र पालथं टोचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली अन्ननलिका हलक्या हातानं सोलून काढा. खाली क्रायकॉइड कूर्चेच्या पाठीवर, मधल्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना, पंख्यासारखे दोन लालसर पीसीए दिसतील. ५ नंबरचा चिमटा आणि व्हॅनस कात्रीनं मध्यरेषेकडून सुरुवात करून तंतू कूर्चेवरून उचला आणि अ‍ॅरिटेनॉइडच्या टोकाशी कापा. हाती काही मिलिग्रॅमचंच मांस येतं. टीएसाठी थायरॉइड कूर्चेची एकेक पाटी बाजूनं उचलून काढावी लागते. टीए आणि एलसीएची सीमा रॅटमध्ये पुसट असते. वेगळे काढल्याचा दावा करण्यापेक्षा दोन्ही एकत्र घेतल्याचं लिहिलेलं चांगलं.

आधी कोणती बाजू काढायची हे प्रत्येक प्राण्यासाठी चिठ्ठी टाकून ठरवा. सगळ्यांत आधी डावी काढली तर उजवा स्नायू दर वेळी दहा मिनिटं जास्त उघडा राहतो आणि फॉस, जून, इजीआर-१ यांसारखी झटपट चालू होणारी जनुकं उजवीकडे वाढलेली दिसतात. अशी यादी हाती आली की प्रयोगशाळेच्या वहीत काढण्याचा क्रम तपासावा. मृत्यूपासून दोन्ही नमुने गोठेपर्यंत २० मिनिटांच्या आत काम संपवा.

घोड्यात आकार मोठा, म्हणून अडचण वेगळी. पीसीएचे आतला आणि बाहेरचा असे दोन भाग वेगवेगळ्या शाखांवर चालतात. एका बाजूला आतल्या भागातून आणि दुसऱ्या बाजूला बाहेरच्या भागातून तुकडा घेतला तर तुम्ही बाजू नव्हे, भाग मोजता.

आरएनए काढताना काय बिघडतं?

स्नायूत आकुंचनाची प्रथिनं आणि कोलॅजेन भरपूर असल्यानं तो चिवट असतो. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून दळा, नाहीतर मणी असलेल्या नळीत फिरवा. लगेच गोठवणं शक्य नसेल तर आरएनएलेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रवात, दर मिलिग्रॅमला १० मायक्रोलिटर या हिशेबानं, रात्रभर ४ अंशांवर ठेवा. तुकड्याची एक तरी बाजू अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा पातळ हवी, नाहीतर द्रव गाभ्यापर्यंत पोचत नाही.

आरएनए वेगळा काढणारं ट्रायझॉल वापरत असाल तर ५० ते १०० मिलिग्रॅमला १ मिलिलिटर, त्यात ०.२ मिलिलिटर क्लोरोफॉर्म, ४ अंशांवर १२,००० जी वेगानं १५ मिनिटं. वरचा पारदर्शक थर घेताना मधल्या पांढऱ्या थराला पिपेट लागू देऊ नका; तिथून डीएनए येतो. मग ०.५ मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉल आणि रॅटच्या छोट्या नमुन्यात ५ ते १० मायक्रोग्रॅम ग्लायकोजेन, नाहीतर गाळ दिसतच नाही. ७५ टक्के इथेनॉलनं धुवा. कॉलमची किट वापरलीत तर स्नायूसाठीची घ्या, जिच्यात प्रोटिनेज-के ५५ अंशांवर १० मिनिटं हा टप्पा असतो. डीएनेजची (उरलेला डीएनए तोडणाऱ्या विकराची) प्रक्रिया दोन्ही पद्धतींत करा.

मिलिग्रॅमला अर्धा ते एक मायक्रोग्रॅम आरएनए मिळावा. शुद्धता सांगणारं प्रकाश-शोषणाचं २६०/२८० गुणोत्तर २.० च्या जवळ हवं. २६०/२३० घसरलं असेल तर ग्वानिडीन किंवा फिनॉल राहिलं आहे, पुन्हा धुवा. आरआयएन, म्हणजे आरएनए किती शाबूत आहे ते सांगणारा अंक, ७ च्या वर, शक्यतो ८. जोडीतला एक ८.५ आणि दुसरा ६.५ असेल तर दोन्ही बाद करा. आरएनएच्या दर्जातला फरक जनुकांतल्या फरकाचं सोंग घेतो.

क्यूपीसीआर करावं की आरएनए सिक्वेन्सिंग?

नस तुटली आहे का एवढंच हवं असेल तर क्यूपीसीआरनं (निवडक जनुकांच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीनं) दहा-बारा जनुकं पुरेत. काय शोधायचं तेच ठरलेलं नसेल तर सिक्वेन्सिंग, प्रत्येक नमुन्याला दोन ते तीन कोटी वाचनं. घोड्यासाठी इक्वकॅब ३.० हा २०१८ चा संदर्भ-जनुकसंच वापरा. तो ट्वायलाइट नावाच्या थरोब्रेड घोडीचा आहे, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांना अगदी जवळचा.

पेशी सुट्या करून एकेका पेशीचं सिक्वेन्सिंग करण्याचा मोह टाळा. स्नायुतंतू लांबलचक आणि अनेक केंद्रकांचा असतो, यंत्राच्या थेंबात तो मावत नाही. मग निकालात फक्त रक्तवाहिन्या आणि संयोजी ऊतींच्या पेशी उरतात. केंद्रकं वेगळी काढून केलेली पद्धत इथं चालते.

आणखी एक गैरसमज. स्नायूच्या नमुन्यात चालक मज्जापेशींची जनुकं दिसणार नाहीत, कारण त्यांची केंद्रकं मेंदूच्या देठात, न्यूक्लियस अ‍ॅम्बिग्युअसमध्ये असतात. एमपीझेड किंवा पीएमपी-२२ दिसलं तर ते नसेच्या आवरणातल्या श्वान (Schwann) पेशींचं.

संदर्भ-जनुक म्हणून जीएपीडीएच चालेल का?

एकटं नाही. संदर्भ-जनुक, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्यांची पातळी ताडून पाहायची ते, स्थिर हवं. जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसचं (साखर मोडून ऊर्जा मिळवण्याचं) जनुक आहे आणि स्नायुतंतूंचे प्रकार बदलले की तेही बदलतं. बीटा-अ‍ॅक्टिन नव्यानं घडणाऱ्या तंतूंत आणि संयोजी पेशींत वाढतं, बी२एम जळजळीत वाढतं. १८एस इतकं मुबलक आहे की कमी प्रतींच्या जनुकाशी त्याची तुलनाच नीट होत नाही. टीबीपी, एचपीआरटी-१, आरपीएलपी-० असे सहा-आठ उमेदवार तुमच्याच डाव्या-उजव्या नमुन्यांवर तपासा, सर्वांत स्थिर तीन निवडा आणि त्यांची भौमितिक सरासरी घ्या.

प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्के, म्हणजे आलेखाचा उतार साधारण -३.१ ते -३.६. एका प्राण्याची डावी आणि उजवी बाजू नेहमी एकाच प्लेटवर, तिहेरी, म्हणजे प्रत्येक नमुना तीनदा. तिहेरीतला फरक ०.३ सायकलपेक्षा (प्रती दुप्पट होण्याच्या फेरीपेक्षा) जास्त गेला तर पुन्हा चालवा. १.४ पट फरक म्हणजे फक्त अर्धी सायकल, तेव्हा ढिलाईला जागा नाही.

विश्लेषणात जोडी कशी सांगायची?

डीईसेक-२ या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरच्या मॉडेलमध्ये आधी प्राणी आणि मग बाजू लिहा. फक्त बाजू लिहिली तर वर पाहिलेली ०.५४ वाली गत होते. स्नायूत साधारण १५,००० जनुकं चालू धरली आणि प्रत्येकाला ०.०५ ची चाळणी लावली तर काहीच फरक नसताना ७५० जनुकं वेगळी दिसतील. म्हणून एकाच वेळी अनेक चाचण्या केल्याबद्दलची बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्ती केलेलंच मूल्य वाचा. आजारी घोड्यांत आणखी एक काळजी घ्या. डाव्या स्नायूची जागा चरबीनं घेतली असेल तर स्नायूची सगळीच जनुकं एकत्र घटलेली दिसतात. तंतूंत काही बदललं असं त्यातून सिद्ध होत नाही, तंतूच कमी उरलेले असतात. त्याच तुकड्याचे काप रंगवून चरबीचं प्रमाण मोजा आणि ते मॉडेलमध्ये घाला.

यादीत थायरोग्लोब्युलिन सर्वांत वर आलं. नवा शोध आहे का?

थायरॉइड ग्रंथीचा कण नमुन्यात आला आहे. ग्रंथी स्वरयंत्राला खेटूनच असते. तसंच कोल-२ए१ आणि अ‍ॅग्रेकन दिसले तर कूर्चा, केरॅटिन-५ दिसलं तर आतलं अस्तर. उजव्या हातानं काम करणाऱ्याला एक बाजू सोपी आणि दुसरी अवघड जाते, म्हणून ही भेसळ दोन्ही बाजूंना सारखी पडत नाही आणि थेट डावा-उजवा फरक म्हणून पुढे येते. विश्लेषणाआधी या चार-पाच जनुकांची तपासणी प्रत्येक नमुन्यावर करायची सवय लावा.

डावी नस कापली तर उजवा स्नायू कंट्रोल धरावा का?

पूर्णपणे नाही. एक बाजू बंद पडली की दुसरी जास्त काम करते आणि तिची जनुकंही हलतात. त्यामुळे खोटी शस्त्रक्रिया केलेला वेगळा गट लागतोच: गळा उघडायचा, नस दिसेपर्यंत जायचं, न कापता टाके घालायचे. मग चार रकाने मिळतात, आणि खरी तुलना ही कापलेल्या गटातला डावा-उजवा फरक उणे खोट्या गटातला डावा-उजवा फरक. काही प्राण्यांत उजवी नस कापून तोच प्रयोग उलटा करा, म्हणजे बाजू आणि इजा वेगळ्या काढता येतील.

दिवसांचं भानही ठेवा. रॅटमध्ये नस कापल्यावर तंतू आपोआप परत वाढतात, पण उघडणाऱ्या स्नायूचे तंतू मिटवणाऱ्यात आणि उलट असे चुकीच्या जागी शिरतात. स्वररज्जू हलत नाही तरी स्नायू नसेविना नसतो. जीडीएनएफ, बीडीएनएफ आणि नेट्रिन-१ यांसारखे, नसेला वाट दाखवणारे घटक या काळात स्नायूनुसार आणि दिवसानुसार बदलतात. एकाच दिवसाचा नमुना घेऊन त्यांच्याबद्दल बोलू नये.

माणसाच्या स्वरयंत्राचं काय?

निरोगी माणसाच्या पीसीएचा तुकडा अभ्यासापुरता काढणं योग्य नाही. नमुने येतात ते स्वरयंत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेतून, आणि तिथं गाठ बहुधा एका बाजूला असते, रेडिएशन झालेलं असतं. बाजूचा फरक आणि आजाराचा फरक एकमेकांत मिसळतात.

दवाखान्यात मात्र डावी बाजू अधिक वेळा बंद पडते, कारण डावी नस छातीतून जाते. महाधमनीचा फुगवटा, फुप्फुसाची गाठ, मध्यछातीतल्या क्षयाच्या ग्रंथी, लहान मुलांत डक्टस बांधण्याची शस्त्रक्रिया, यांत ती सापडते. १८९७ मध्ये ऑर्टनर यांनी मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांत डाव्या स्वररज्जूचा लकवा वर्णन केला. संधिवाती तापामुळे झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनही येतात, म्हणून ऑर्टनर हे नाव आपल्या वॉर्डात जुनं झालेलं नाही. आवाज तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर दुर्बिणीतून स्वररज्जू पाहून घ्यावेत. एक बाजू हलत नसेल तर तपास छातीपर्यंत न्यावा.

रियाजानं एका बाजूचा स्नायू वेगळा होतो का?

गाताना दोन्ही स्वररज्जू एकाच हवेच्या प्रवाहात एकत्र कंप पावतात आणि दोन्ही बाजूंचे स्नायू बरोबरीनं काम करतात. गायकांचा आवाज फाटतो तो बहुधा अस्तरावरच्या सुजेमुळे किंवा गाठींमुळे. त्याचा स्नायूच्या जनुकांशी संबंध जोडू नये.

भारतात परवानगी कोणाची लागते?

रॅटसाठी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची. घोड्यासारख्या मोठ्या प्राण्यावर प्रयोग करायचा तर संस्थेच्या शिफारशीनंतर प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या सीसीएसईए समितीची, जिला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत. दुसऱ्या कारणानं मेलेल्या घोड्याची ऊती घेणार असाल तर मालकाची लेखी संमती घ्या आणि शक्य असेल तर जिवंतपणीच्या दुर्बीण तपासणीची नोंद मिळवा. ती नसेल तर निरोगी कोण आणि सुरुवातीचा आजारी कोण हे कळत नाही. माणसाच्या ऊतीसाठी संस्थेची मानवी नैतिकता समिती.

निकाल लिहिताना बाजूबद्दल काय काय नोंदवावं?

डावी-उजवी कशी खूण केली, आधी कोणती बाजू काढली, मृत्यूपासून गोठेपर्यंत प्रत्येक बाजूला किती मिनिटं गेली, स्नायूच्या कोणत्या भागातून तुकडा घेतला, प्रत्येक नमुन्याचा आरआयएन, भेसळीच्या जनुकांची पातळी, आणि प्राण्याची उंची, वय, लिंग. सिक्वेन्सिंगचा कच्चा डेटा सार्वजनिक भांडारात ठेवताना प्रत्येक फाइलवर प्राण्याचा क्रमांक आणि बाजू दोन्ही लिहा. फक्त ‘डावा-१, डावा-२, उजवा-१, उजवा-२’ असं लिहिलं तर कोणता डावा कोणत्या उजव्याचा हे पुढच्या अभ्यासकाला जोडता येत नाही.